खोक्यातली लॉरी आणि सुताराचा हौदा

कॅनडातून मुंबईला येणारी लॉरी जहाजावर चढताना लॉरी नसायचीच. ती खोक्यांत भरलेली असायची. एका खोक्यात इंजिन, दुसऱ्यात आस आणि पाटे, कुठे चाके, कुठे वेटोळी करून ठेवलेल्या वायरी, आणि पोलादी चासीच्या लांब पट्ट्या एकावर एक रचलेल्या. या सगळ्या सामानात एक गोष्ट मात्र शोधूनही सापडली नसती. ज्यात माल भरायचा, माणसे बसवायची, तो हौदाच तिथे नसे. खोकी जिथे फुटतील तिथल्या सुतारांनी तो बांधायचा, असे ठरलेले होते. दुसऱ्या महायुद्धात भारतात हजारो लॉऱ्यांच्या पाठीवर असे लाकडी हौदे चढले. हे पुस्तक त्या हौद्यांविषयी आहे.

हौदा मागे का ठेवला जाई, याचे उत्तर शोधताना मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तीन टनी लॉरीचा हौदा १२ फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि फाळके दोन फूट उंच धरले. तळाला इंचभर जाडीच्या फळ्या घातल्या तर त्यांचे लाकूड साडेसहा घनफूट होते. चारी बाजूंच्या फाळक्यांना सहा घनफुटांहून थोडे जास्त लागते, आणि खालच्या लांब तुळया व आडवे वासे मिळून साडेचार. म्हणजे सगळे लाकूड १७ घनफुटांच्या आसपास. तोच हौदा बांधून तयार केला की फाळक्यांच्या उंचीपर्यंतच त्याच्या पोटात १५६ घनफूट जागा अडते. लाकडाच्या नऊपट हवा! अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजांमागून जहाजे बुडवत होत्या त्या वर्षांत समुद्रापलीकडून हवा वाहून आणणे कोणाला परवडणार होते? लाकूड हिंदुस्थानात होते, सुतारही होते. तेव्हा हौदा इथेच व्हावा, हे ओघानेच आले.

या लॉऱ्या बहुतांशी ओंटारिओ प्रांतातल्या. विंडसरला फोर्डचा कारखाना, ओशावाला जनरल मोटर्सचा. ब्रिटिश सैन्याच्या गरजा समोर ठेवून या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच घाटाच्या गाड्या बनवल्या आणि त्यांना नाव पडले कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न. युद्धाच्या वर्षांत कॅनडातून आठ लाखांवर लष्करी वाहने बाहेर पडली, त्यांतली निम्म्याच्या आसपास या घाटाची होती. नाक आखूड आणि बसके, इंजिन जवळजवळ चालकाच्या मांडीला लागून, आणि पुढच्या काळातल्या केबिनला काच खालच्या बाजूला आत झुकलेली, म्हणजे वरून जाणाऱ्या विमानाला तिची चमक दिसू नये. फोर्डच्या गाडीत ९५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे इंजिन, शेव्हरोलेच्या गाडीत ८५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे. पंधरा हंड्रेडवेटच्या छोट्या लॉरीच्या पुढच्या-मागच्या चाकांत १०१ इंचांचे अंतर, तीन टनीच्या लांब लॉरीत १५८ इंचांचे. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण सुताराच्या हातात पडणारी पहिली वस्तू म्हणजे हेच माप. भारतात आलेल्या कित्येक गाड्यांना तर केबिनही पुरती नसे. पुढचे नाक, समोरची काच, वर कापडी छप्पर आणि दारांच्या जागी नुसती मोकळी जागा. आपल्या उन्हात ते एका अर्थी बरेच होते. इंजिनाची धग पायांशी आणि लोखंडी टपाची धग डोक्याशी, अशी दुहेरी भट्टी चालकाला सोसावी लागली नाही.

खोकी जोडणारे हात मुंबईत आधीपासून तयार होते. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये जोडणीचा कारखाना काढला होता. फोर्डचे कारखाने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे होते. पण जोडणी म्हणजे पाना आणि बोल्टचे काम. हौद्यासाठी रंधा, करवत, पटाशी आणि गिरमिट लागतात, आणि ती चालवणारी माणसे शहरात कितीतरी आधीपासून होती. त्या काळी रेल्वेचे डबेही सागवानी असत. पोलादी चौकटीवर लाकडी अंग उभे करणे हे परळ-माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांतल्या सुतारांचे रोजचे काम होते. मुंबईत १९२६ पासून बस धावत होती, ट्राम तर त्याहूनही जुनी, आणि व्हिक्टोरिया व टांगे बांधणाऱ्यांचे कसब त्याहूनही मागचे. कोकणातले आणि देशावरचे सुतार, कच्छ-काठेवाडातले मिस्त्री, पंजाबातले रामगढिया शीख कारागीर अशी माणसे या धंद्यात होती. टांग्याकडून मोटारीकडे येताना त्यांना हत्यारे बदलावी लागली नाहीत. चाकावर चालणाऱ्या लाकडाला धक्के बसतात आणि ते धक्के सांध्यावर येतात, हे त्यांना बापजाद्यांकडून ठाऊक होते.

इथे एक सल बोलून दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. चासी तिकडची आणि हौदा इकडचा, ही वाटणी नुसत्या सोयीची नव्हती. १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी मुंबई इलाख्यात मोटारीचा पूर्ण कारखाना उभारायची योजना आखली होती. अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीशी बोलणी झाली. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने पाठबळ द्यायची तयारी दाखवली. मग युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि दिल्लीच्या सरकारने हा कारखाना युद्धाच्या कामाचा मानला नाही. ज्या युद्धाला लॉऱ्यांची एवढी भूक होती त्याच युद्धाच्या नावाने लॉरीच्या कारखान्याला नकार मिळाला. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या गाड्या बाहेर पडायला १९४७ उजाडले. तोवर या देशाच्या वाट्याला गाडीचे जे अंग आले ते हौद्याचे. इंजिन करायची आपली पात्रता नाही असे मानणाऱ्यांनी लाकूड मात्र आपल्या भरवशावर सोडले. म्हणूनच या हौद्याकडे मला लढाईतली तात्पुरती सोय म्हणून पाहता येत नाही. देशात त्या लॉरीचा जेवढा भाग घडला, तो घडवणाऱ्यांनी कसा घडवला, हे नीट नोंदवून ठेवावेसे वाटते.

पोलाद का नव्हते, हाही प्रश्न कोणी विचारील. जमशेदपूरला पोलाद होते, पण त्याला मागणारे तोंड एक नव्हते. रूळ, पूल, तोफगोळे, आणि चिलखती गाड्या. फोर्डच्या कॅनेडियन चासीवरच टाटांच्या पोलादी पत्र्यांचे चिलखत चढवून साडेचार हजारांहून अधिक चिलखती गाड्या भारतात तयार झाल्या. सैनिक त्यांना टाटानगर म्हणत. गोळी अडवायला पोलाद हवेच, पिठाची पोती ठेवायला ते लागत नाही. शिवाय सैन्य वाढत होते ते कल्पनेपलीकडे. १९३९ मध्ये दोन लाखांच्या घरात असलेले हिंदी सैन्य १९४५ मध्ये पंचवीस लाखांवर गेले. १९३८ पर्यंत त्यातले घोडदळ खऱ्या घोड्यांवरच होते. सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या पलटणींनी त्या वर्षी पहिल्यांदा घोडे सोडून मोटारी घेतल्या. एवढ्या माणसांचे धान्य, पाणी, दारूगोळा, पेट्रोल, औषधे आणि जखमी, सारे काही हौद्यातून जायचे होते.

आता लाकडाकडे येऊ.

हौद्यासाठी सुताराला विचाराल तर तो सागवान मागेल. सागाच्या अंगात तेल असते, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, उन्हा-पावसात ते फारसे वळत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी बोल्ट लवकर गंजत नाही. त्या काळी उत्तम साग म्हणजे ब्रह्मदेशचा. त्याचा व्यापार करणारी सर्वांत मोठी कंपनी १८६३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली होती आणि तिच्या नावात मुंबई आणि बर्मा दोन्ही होते. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि नद्यांतून ओंडके सोडणारा तो सगळा व्यवहार एका फटक्यात तुटला. याच कंपनीत सागाचे हत्ती सांभाळणारे जे. एच. विल्यम्स पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या ब्रिटिश चौदाव्या सैन्यात हत्तींची तुकडी घेऊन उभे राहिले, आणि ओंडके ओढणारे हत्ती लष्करासाठी लाकडी पूल बांधू लागले.

ब्रह्मदेश गेल्यावर भार आपल्या जंगलांवर आला. आलापल्ली, डांग, दांडेली ही सागाची रानेच, पण युद्धाला साग एकट्या लॉऱ्यांसाठी लागत नव्हता. बंदरे, पूल, बराकी, रुळांखालचे स्लीपर, दारूगोळ्याच्या पेट्या, सगळ्यांचीच मागणी होती. म्हणून जिथे जे चालेल ते वापरावे लागे. साल हे सागाहून जड आणि कणखर. भार पेलणाऱ्या तुळईला ते उत्तम, पण वाळताना ते तडकते आणि रंध्याला हार जात नाही. ऐनाचे लाकूड मजबूत, वजनाला जड. हिमालयातला देवदार हलका आणि वाळवीला दाद न देणारा, फाळक्यांच्या फळ्यांना योग्य, मात्र आदळआपट फारशी सोसत नाही. कोणते लाकूड कुठे घालायचे, ही निवड कागदावरच्या नकाशाइतकीच सुताराच्या अंगठ्यावर अवलंबून असे. फळीवर अंगठा फिरवून, टोकाला ठोका मारून आवाज ऐकून तो ठरवी.

खरा अडथळा लाकडाच्या ओलीचा होता. फळी नैसर्गिकरीत्या वाळायला इंचामागे वर्ष लागते, असा जुना ठोकताळा आहे. युद्ध वर्षभर थांबत नाही. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत लाकूड वाळवण्याच्या भट्ट्यांवर युद्धाच्या आधीपासून काम चालले होते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या क्षारांनी लाकूड टिकवायची ‘अॅस्क्यू’ ही रीतही सोंटी कामेसम यांनी तिथेच १९३३ मध्ये शोधली होती. पुढे ती जगभर गेली. तारेचे खांब आणि लाकडी पूल टिकवणारे हे रसायन भारतातल्या प्रयोगशाळेतले आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. पण भट्टीची सोय सगळीकडे नव्हती. अर्धवट वाळलेल्या लाकडाचे हौदेही गाड्यांवर चढत, आणि त्याची किंमत पुढे चालकाला मोजावी लागे.

हौदा बांधतात कसा, हे या पुस्तकाच्या मधल्या प्रकरणांत आकृत्यांसह आले आहे. पण वाचकाने ती पाने उघडण्यापूर्वी त्यातला मूळ पेच समजून घ्यावा, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

लॉरीची चासी ताठ नसते. खाचखळग्यात पुढचे डावे चाक वर उचलले आणि मागचे उजवे खाली गेले की पोलादाची ती लांब चौकट पिळवटते. पिळवटायलाच हवी, नाहीतर ती तुटेल. तिच्यावर बसवलेला हौदा म्हणजे एक मोठी उघडी पेटी. पेटीचा स्वभाव उलटा, तिला चौकोनातच राहायचे असते. पिळवटणारी चौकट आणि ताठ पेटी यांची सांगड घालणे हे हौदेकाराचे खरे काम. त्यासाठी आधी चासीच्या दोन्ही अंगांवर दोन लांब तुळया टाकतात. पोलाद आणि तुळई यांच्यामध्ये कठीण लाकडाच्या चकत्या बसतात, म्हणजे पोलादाच्या कडा लाकूड कुरतडत नाहीत. तुळई चासीला भोक पाडून जखडत नाहीत, कारण भोकाने चासी दुबळी होते. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा लांब बोल्ट खालून वर घेऊन तुळईला आवळतात. मागच्या बाजूला पक्के आवळायचे आणि पुढे, जिथे पीळ जास्त, तिथे थोडी लवचीकता ठेवायची. किती, हे मापात सांगता येते, पण बहुतेक मिस्त्री पाना किती फिरतो यावरून ते ठरवतात.

तुळयांवर आडवे वासे येतात, खाच आणि कुसू करून किंवा नुसते बोल्टने. त्यांच्यावर उभ्या दिशेने तळफळ्या. तळफळ्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकतात, कारण पेट्या आणि पिंपे ओढून-ओढून फळी झिजते, पट्टी झिजत नाही. फाळके बिजागऱ्यांवर, मागचा फाळका साखळीवर. बोल्टची मानही पाहण्यासारखी असते. डोके गोल आणि त्याखालची मान चौकोनी. ती मान लाकडात रुतते आणि मग नट आवळताना बोल्ट जागच्या जागी फिरत नाही. एकाच माणसाला एका पान्याने काम करता येते. एवढीशी युक्ती, पण शेकडो बोल्ट लागणाऱ्या कामात ती एका माणसाचा रोज वाचवते. चारी चाकांना जोर असलेल्या गाडीत चाके मोठी आणि हौदा खाली, म्हणून तळातून चाकांसाठी खोकी वर काढावी लागत. या खोक्यांवर बसून जवानांनी शेकडो मैल प्रवास केला. फाळक्यांच्या बाहेरून लोखंडी खोबण्या आणि त्यांत कमानी, कमानींवर ताडपत्री. बाजूला कुदळ, फावडे, पाण्याचे डबे आणि कॅनव्हासची छागल टांगायच्या कड्या.

हे सगळे साधे वाटते, आणि ते साधेच असायला हवे होते. हौदा फुटला तर तो दुरुस्त करणारा माणूस वेल्डिंगची भट्टी घेऊन येणार नव्हता. खेड्यातला सुतार, करवत आणि चार फळ्या एवढ्यावर तो पुन्हा उभा राहिला पाहिजे. दारूगोळा वाहताना लाकडाच्या तळावर पेटी घासली तरी ठिणगी उडत नाही. खेचरे चढवली तर त्यांचे खूर घसरत नाहीत. फळी उन्हात पत्र्यासारखी पोळत नाही. हे गुण लढाईने शोधले नाहीत, बैलगाडीपासून ते चालत आले होते.

दोषही खरे होते. इजिप्त आणि लिबियाच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, बोल्ट सैल पडतात, कुसू खाचेतून निसटतो आणि हौदा खडखडू लागतो. चालकाच्या रोजच्या कामात बोल्ट आवळणे हे तेलपाण्याइतकेच महत्त्वाचे होऊन बसते. तोच हौदा आसामच्या पावसात गेला की फळ्या फुगतात, फाळके चौकटीत अडकतात आणि अंधारात माल उतरवायची घाई असताना उघडत नाहीत. बाँब जवळ पडला तर लाकडाच्या ढलप्या उडतात आणि त्यांची जखम वाईट असते. पेट्रोल सांडलेल्या फळीला आग लागली तर विझवणे कठीण. लाकडी हौद्याचे गुणगान करताना हे लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

लाकडाकडे वळलेला देश काही एकटा भारत नव्हता. अमेरिकेने पोलाद वाचवण्यासाठी आपल्या प्रसिद्ध अडीच टनी जीएमसी ट्रकला १९४२ पासून लाकडी हौदा दिला आणि तो लवकर खिळखिळा होतो असे दिसल्यावर पोलादी सांगाडा व लाकडी तळ असा मधला मार्ग काढला. सोव्हिएत रशियाने तर केबिनच फळ्यांची केली. झिस-५ च्या युद्धकालीन गाडीला एकच दिवा आणि फक्त मागच्या चाकांना ब्रेक होते. जर्मनांनी शेवटच्या काळात ओपेल ब्लिट्झला दाबलेल्या लाकडी तंतूच्या तक्त्यांची केबिन बसवली. या सगळ्यांत आणि आपल्यात फरक एवढाच की त्यांची लाकडी गाडी त्यांच्याच कारखान्यातून, एकाच नकाशाबरहुकूम निघत होती. आपल्याकडे इंजिन आणि हौदा यांच्यामध्ये एक महासागर होता.

मुंबईच्या बंदराची आठवण इथे टाळता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला. दारूगोळा, कापूस आणि सोने एकाच पोटात घेऊन आलेले ते जहाजही कॅनडातच, प्रिन्स रूपर्टला १९४२ मध्ये बांधलेले. शेकडो माणसे गेली, गोद्या जळाल्या. ज्या धक्क्यांवर युद्धाचे सामान उतरत होते, तेच धक्के उद्ध्वस्त झाले आणि महिनोन्‌महिने खपून पुन्हा उभे करावे लागले. गोदी कामगार आणि अग्निशमन दलाचे जवान यांच्या नावाने त्या दिवसाची आठवण काढली जाते, आणि ती काढलीच पाहिजे.

मुंबई, कलकत्त्याहून निघालेल्या गाड्यांची खरी परीक्षा झाली ती ईशान्येला. दिमापूर ते इंफाळ हा डोंगरी रस्ता, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. १९४४ च्या वसंतात कोहिमा आणि इंफाळला वेढा पडला तेव्हा हा रस्ताच तुटला होता. तो मोकळा झाल्यावर चौदाव्या सैन्याचे पुढे सरकणे बव्हंशी लॉऱ्यांवर आणि विमानांवर अवलंबून राहिले. या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी डांबरात बुडवलेल्या तागाच्या पट्ट्या अंथरून रस्ते केले, आणि चिंदविन नदीकाठी कलेवा इथे तिथल्याच सागाच्या होड्या बांधवून घेऊन नदीचा रस्ता केला. स्थानिक लाकूड, स्थानिक हात आणि नसलेल्या गोष्टीची वाट न पाहणे, हे हौद्यांना लागू होते तेच त्या होड्यांनाही. आफ्रिकेत केरनपासून इटलीपर्यंत मराठा पलटणी लढल्या. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण वाचतो. लढाईच्या ठिकाणी त्यांना आणि त्यांच्या भाकरीला पोचवणाऱ्या सर्व्हिस कोरच्या चालकांची नावे क्वचित वाचतो, आणि हौदा बांधणाऱ्याचे नाव तर कधीच नाही.

युद्ध संपले आणि लॉऱ्या लिलावात निघाल्या. डिस्पोजलचा माल हा शब्द मराठीत तेव्हापासून रुळला. १९४७ मध्ये पंजाबातल्या निर्वासितांना सीमेपार नेणाऱ्या काफिल्यांत लष्करी लॉऱ्याच होत्या. ज्या फळ्यांवर दारूगोळा ठेवला होता त्यांवर बायका-मुले आणि वाचवलेली भांडी बसली. पुढच्या वर्षी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर आपल्या राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या सुरुवातीच्या बेडफर्ड गाड्यांचे अंग लाकडी होते आणि बैठका काथ्याच्या. दापोडीला पुढे एसटीचे स्वतःचे बांधणीचे कारखाने झाले, लाकूड जाऊन ॲल्युमिनियम आले. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५० च्या दशकात भारतातून निघून गेल्या. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज निघू लागली तेव्हा इंजिनही इथले झाले, आणि तरीही कितीतरी वर्षे मालक चासी विकत घेई आणि हौदा आपल्या पसंतीच्या मिस्त्रीकडून बांधून घेई. महामार्गाकडेच्या शेडमधून आजही लाकडाचा भुसा आणि रंगाचा वास एकत्र येतो. त्यातल्या एका शेडमध्ये उभे राहून एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आडवा वासा बसवताना पाहिले आणि तिथेच या पुस्तकाला सुरुवात झाली. ब्रह्मदेशात तर युद्धातल्या शेव्हरोले लॉऱ्यांवर लाकडी अंग चढवून केलेल्या बसगाड्या नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत माणसे वाहत राहिल्या. रंगूनचा साग हातचा गेला म्हणून ज्या लॉऱ्यांची एवढी ओढाताण झाली, त्या लॉऱ्या त्याच देशाच्या रस्त्यांवर सर्वांत जास्त काळ टिकल्या.

पुरावा गोळा करताना एक गोष्ट सतत आडवी आली. चासीवर धातूची पट्टी असते, तिच्यावर आकडे असतात, त्यावरून गाडी कुठली आणि कुठल्या घाटाची हे कळते. हौद्यावर काही नसते. सुतार खुणा करतो त्या पेन्सिलीच्या, आणि रंगाचा पहिला हात फिरला की त्या जातात. शिवाय लाकूड कुजते, जळणाला जाते. आज हौशी माणसे अशा गाड्या पुन्हा उभ्या करतात तेव्हा त्यांच्या हाती पोलाद लागते, लाकूड लागत नाही. उरतात ती छायाचित्रे. त्यांतही छायाचित्रकार समोर उभा राहतो, नाक आणि चालक टिपतो, हौदा सावलीत जातो. माझी वाचकाला विनंती आहे की पुढची छायाचित्रे पाहताना नजर मागे न्यावी. फाळक्याला किती फळ्या आहेत ते मोजावे. बिजागऱ्या किती, कमानी किती, चाकाचे खोके गोल की चौकोनी, उभे टेकू लाकडाचे की लोखंडी पट्टीचे, हे पाहावे. एकाच प्रकारच्या दोन गाड्यांत या गोष्टी वेगळ्या दिसल्या, तर त्या दोन वेगळ्या हातांनी बांधल्या असण्याचा संभव फार.

शेवटी मापांविषयी. या पुस्तकात मी फूट, इंच आणि सूत ठेवले आहेत, मीटर केलेले नाहीत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि सुताराच्या जिभेवर आजही तेच माप आहे. पहिल्या प्रकरणातल्या आकृतीत तळफळ्यांच्या मध्ये एका सुताची फट दिसेल. ती छापण्यातली चूक समजू नये. पावसाळ्यात फळी फुगेल, म्हणून ती तेवढी सोडलेली आहे.